शब्दांची सोबत : कावळ्यांचा ‘मर्डर’ आणि दोन डझन अंडी

‘मर्डर ऑफ क्रोज’, ‘प्राइड ऑफ लायन्स’, ‘स्कल्क ऑफ फॉक्सेस’. प्रश्नमंजुषेची तयारी करणारी मुले ही यादी घडाघडा म्हणून दाखवतात. इंग्रजीतले समूहवाचक शब्द म्हणजे हेच, अशी आपली समजूत असते. या यादीचे मूळ पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये आहे. 1486 मध्ये छापलेल्या ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ या ग्रंथात ससाण्यांचे पालन, शिकार आणि घराण्यांची कुलचिन्हे असे सरदारी विषय होते. कुठल्या प्राण्याच्या कळपाला काय म्हणायचे, याची लांबलचक यादी त्यातच आली. शिकारीची परिभाषा येणे हे तेव्हा खानदानीपणाचे लक्षण होते. पण त्या यादीत थट्टाही भरपूर होती. जोगिणींच्या समूहाला तिथे ‘सुपरफ्लुइटी ऑफ नन्स’ म्हटले आहे, म्हणजे गरजेपेक्षा जास्त झालेल्या जोगिणी! त्यातला सिंहांचा ‘प्राइड’ आज रुळला आहे. कावळ्यांचा ‘मर्डर’ मात्र कोड्यांत आणि कथांत जास्त भेटतो. पक्षिनिरीक्षक साधेपणाने ‘फ्लॉक’ म्हणतो.

म्हणून माझा आग्रह असा, की ही यादी मौज म्हणून वाचावी आणि कष्ट रोजच्या शब्दांवर घ्यावेत. मेंढ्यांचा आणि पक्ष्यांचा ‘फ्लॉक’, गुरांचा आणि हत्तींचा ‘हर्ड’, लांडग्यांचा ‘पॅक’, मधमाश्यांचा ‘स्वार्म’. एवढे चार पक्के असले तरी पुष्कळ भागते. खरी गंमत हे शब्द प्राण्यांना सोडून माणसांकडे येतात तेव्हा सुरू होते. तिथे मोजणी मागे पडते आणि बोलणाऱ्याचे मत पुढे येते. ‘पॅक’ खोट्या गोष्टींचा असतो, खऱ्यांचा नसतो. माणसांना ‘हर्ड’ म्हटले की त्यांना स्वतःची अक्कल नाही असे सुचवले जाते. 2015 च्या जुलैत ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन भूमध्य समुद्र ओलांडून येणाऱ्या स्थलांतरितांविषयी बोलताना ‘स्वार्म’ म्हणाले आणि देशभर टीका झाली. आपण माणसांबद्दल बोलतो आहोत, किड्यांबद्दल नाही, याची त्यांना आठवण करून द्यावी लागली. एवढ्याशा शब्दावर केवढे हे रान उठवले, असे कुणाला वाटेल. मला ती टीका रास्त वाटते. आपल्याकडे पाहुण्यांना कुणी टोळधाड म्हटले, तर ते ऐकून पाहुणे जेवायला थांबतील का?

फळे-फुले आणि किल्ल्या यांच्या बाबतीत मराठी जास्त चोखंदळ आहे. आपल्याला किल्ल्यांचा जुडगा, द्राक्षांचा घोस, केळ्यांचा घड, फुलांचा गुच्छ असे वेगवेगळे शब्द लागतात. इंग्रजीला या सगळ्यांसाठी एकटा ‘बंच’ पुरतो. उलट स्वयंपाकघरात जपून बोलावे लागते. लसणाची पाकळी म्हणून ‘पेटल’ म्हणून चालत नाही, तिथे ‘क्लोव्ह’ हवा, आणि लवंगेलाही तोच शब्द! साबणाच्या वडीला ‘बार’, अख्ख्या पावाला ‘लोफ’, त्याच्या कापाला ‘स्लाइस’.

मराठी माणूस हमखास अडखळतो तो ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘न्यूज’ या शब्दांपाशी. आपण दोन सल्ले देतो, चार बातम्या ऐकतो. मग ‘टू अ‍ॅडव्हाइसेस’ आणि ‘फोर न्यूज’ तोंडात येणारच. इंग्रजीत हे जिन्नस पाण्या-पिठासारखे, सुटे मोजता न येणारे मानले आहेत. मोजायचेच तर ‘पीस ऑफ’ लावावे लागते : ‘टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस’.

या ‘ऑफ’चीही एक खोड आहे. आपण नुसते ‘दोन कप चहा’ म्हणतो. इंग्रजीत कपाचे अनेकवचनही हवे आणि ‘ऑफ’ही हवा : ‘टू कप्स ऑफ टी’. पण तोच नियम डझनाला लावायला जावे, तर फसगत होते. ‘टू डझन एग्ज’ यात ना ‘ऑफ’, ना अनेकवचन. ‘डझन्स ऑफ एग्ज’ म्हटले की नेमका आकडाच नाहीसा होतो आणि अर्थ होतो ढीगभर अंडी. ‘टू हंड्रेड पीपल’ आणि ‘हंड्रेड्स ऑफ पीपल’ यांतही हाच फरक आहे. आकडा नेमका असेल तर शब्द एकवचनी राहतो, अंदाजाचा असेल तर त्याला ‘एस’ आणि ‘ऑफ’ चिकटतात. एवढे एक सूत्र हाताशी असले की ‘थाउजंड’ आणि ‘मिलियन’सुद्धा सुटतात.

राहता राहिला ‘फ्यू’. ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे थोडी का होईना, माणसे आली. त्यातला ‘अ’ गाळला की थोडीच आली, कार्यक्रम पडला. ‘लिटल’चेही तसेच : ‘अ लिटल मिल्क’ असेल तर चहा होईल, नुसते ‘लिटल मिल्क’ असेल तर पंचाईत. इंग्रजी ‘अ’ काढून जे सांगते, ते आपण शब्दाला ‘च’ लावून सांगतो. वाचताना हा ‘अ’ सहज नजरेतून निसटतो, म्हणून या आठवड्यात इंग्रजी वर्तमानपत्राचे एखादे पान केवळ तो शोधण्यासाठी वाचून पाहा. ‘मच’ आणि ‘मेनी’ पुढच्या लेखांकात.