दुखऱ्या नसेवर विजेचा उतारा



दहावीच्या विज्ञानात प्रतिक्षिप्त क्रिया येते. (आम्ही हिंदी माध्यमात शिकलो तेव्हा तिला 'प्रतिवर्ती क्रिया' म्हणत असू, प्रकार तोच.) गरम तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो, दुखणे मागाहून कळते. येथे वेदना आपली राखणदार आहे. पण काहींच्या शरीरात हा राखणदार चोर नसतानाही रात्रभर ओरडत राहतो. जखम भरलेली असते, तरी दुखणे थांबत नाही, कारण बिघाड आता खबर नेणाऱ्या तारेतच, म्हणजे मज्जातंतूत असतो. डॉक्टर याला न्यूरोपॅथिक वेदना म्हणतात.

अपघातात नस दुखावणे, नागीण होऊन जाणे, हात किंवा पाय कापावा लागणे अशी याची अनेक कारणे आहेत. आपल्या घरांत मात्र बहुधा मधुमेह, म्हणजे आपण ज्याला 'शुगर' म्हणतो, तो कारण असतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक रुग्ण आहेत. सर्वांनाच हा त्रास होतो असे नाही. ज्यांना होतो त्यांच्या तळपायांपासून तो सुरू होतो, कारण सर्वांत लांब मज्जातंतूंना आधी इजा पोहोचते. आग होते, मुंग्या येतात, टाचण्या टोचल्यासारखे वाटते, रात्री चादरीचा स्पर्शही नकोसा होतो. घरचे लोक पाय पाहतात तर ना सूज, ना जखम, एक्स-रेही स्वच्छ. मग 'आजोबांना काही झालेले नाही, उगाच करतात' असे बोलले जाते. हे बोलणे चुकीचे आहे, आम्ही स्पष्टच लिहितो. ही वेदना खरी असते.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या यावर फारशा चालत नाहीत. प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन यांसारखी वेगळी औषधे द्यावी लागतात. तीही पुरी पडली नाहीत तर काही निवडक रुग्णांसाठी विजेचा मार्ग आहे.

कल्पना जुनी आहे. पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने सांधेदुखीच्या रुग्णाला विजेचा झटका देणाऱ्या जिवंत माशावर पाय ठेवायला सांगितल्याची नोंद आहे! शास्त्रीय पाया मात्र 1965 साली मेलझॅक आणि वॉल यांनी घातला. कोपर आपटले की आपण ते चोळतो आणि बरे वाटते. त्यांचे म्हणणे असे, की मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. स्पर्शाची खबर आणणारे जाड तंतू जागे केले, तर वेदनेची खबर आणणाऱ्या बारीक तंतूंसाठी ते फाटक मिटू लागते. पुढे या सिद्धांतात दुरुस्त्या झाल्या, पण 1967 साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन शीली यांनी याच आधारावर कर्करोगाच्या एका रुग्णाच्या पाठीत पहिले यंत्र बसविले.

आजचे यंत्र पेसमेकरच्या जातीचे आहे. जाड सुईतून बारीक तारा पाठीच्या कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सरकवतात. पायांसाठी त्या पाठीच्या खालच्या भागात असतात, हातांसाठी मानेजवळ. बॅटरी कमरेखाली किंवा पोटाच्या त्वचेखाली ठेवतात. जुन्या पद्धतीत दुखऱ्या जागी सौम्य झिणझिण्या जाणवतात. नव्या एका पद्धतीत सेकंदाला 10,000 स्पंदने देतात आणि झिणझिण्या येत नाहीत. ती नेमकी कशी काम करते यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. जत्रेत विकल्या जाणाऱ्या 'करंट'च्या यंत्रांशी याचा काही संबंध नाही, हेही सांगून ठेवतो.

आम्हाला या उपचारातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती म्हणजे आधी परीक्षा. सुरुवातीला फक्त तारा घालतात, बॅटरी बाहेर कमरेला बांधतात आणि साधारण आठवडाभर रुग्णाला घरी नेहमीसारखे वागू देतात. वेदना निम्म्याने तरी कमी झाली तरच पुढची शस्त्रक्रिया, नाही तर तारा काढून टाकतात.

फायदा किती? अमेरिकेत औषधांनी गुण न आलेल्या 216 मधुमेही रुग्णांची चाचणी झाली; 2021 मध्ये तिचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी यंत्र बसविलेल्यांपैकी 79 टक्क्यांची वेदना निम्मी किंवा त्याहून कमी झाली होती. केवळ औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण 5 टक्के होते. आकडे सुंदर आहेत, पण चाचणीचा खर्च यंत्र बनविणाऱ्या कंपनीने केला होता आणि कोणाला यंत्र आहे हे रुग्णांना ठाऊक होते. उलट 2022 साली नॉर्वेत, पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पायात कळा राहिलेल्या 50 रुग्णांचे यंत्र त्यांना न कळू देता कधी चालू, कधी बंद ठेवले. त्यांच्या रोजच्या हालचालींत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. आजार वेगळा, विजेची पद्धतही वेगळी. तरी दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत.

यंत्राने शुगर बरी होत नाही. साखरेवरचा ताबा आणि पायांची रोजची तपासणी चुकत नाही. तार सरकू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, एमआरआयपूर्वी यंत्राचे कार्ड दाखवावे लागते. खर्च काही लाखांत जातो, म्हणून विम्याची चौकशी आधीच करावी.

परीक्षेच्या आठवड्यात रुग्ण किती तास झोपला, किती चालला, दहापैकी किती दुखले, हे रोज वहीत लिहिलेले असले तर डॉक्टरांना निर्णय सोपा जातो. ही वही आठवी-नववीचा नातू किंवा नात उत्तम ठेवू शकते.