मुले भाकरी का खात नाहीत?

"आजकालच्या पोट्ट्याइले भाकर गोड लागत नाई," ही आमच्या आजीची नेहमीची तक्रार, आणि बहुतेक वडीलधाऱ्यांचेही मत तेच. पाच रुपयांच्या पुड्यांनी मुलांची जीभ बिघडवली म्हणे! यात तथ्य नाही असे नाही. परंतु घरातून महाविद्यालयात आलेली पहिली मुलगी मी, आणि आजीसाठी विकत आणलेल्या ज्वारीची भाकरी रोज पहाटे थापणारीही मीच. त्यामुळे मला हे निदान अपुरे वाटते. वस्तुतः भाकरी ताटातून जाण्याआधी शेतातून गेली.

जळगाव जामोदच्या काळ्या जमिनीत ज्वारी केवळ माणसांसाठी पेरली जात नसे. दाणे घराला, कडबा बैलांना, असा तो हिशेब होता. पुढे सोयाबीन वाढले, नांगरटीला ट्रॅक्टर आला, दावणीचे बैल विकले गेले आणि ज्वारीचा अर्धा हिशेबच कोलमडला. उरलेल्या कणसांचा समाचार सातपुड्याच्या पायथ्याची रानडुकरे घेतात. त्यातही एकट्यानेच ज्वारी पेरणारा शेतकरी म्हणजे साऱ्या शिवारातील पाखरांचा यजमान!

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात किलोला तांदूळ ३, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया असा दर होता. २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. कायद्यात ज्वारीला जागा आहे, पण आमच्या पिशवीत बहुतेक वेळा गहू-तांदूळच पडतात. शाळेत दुपारी बहुधा तांदळाचीच खिचडी. फुकटचा तांदूळ सोडून मजुराने विकतची ज्वारी का घ्यावी? शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते, पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. म्हणून तर तांदळात लोहयुक्त दाणे मिसळण्याची योजना सरकारला २०२१ साली जाहीर करावी लागली.

राहता राहिला शाळेचा डबा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा ताण नसतो. ते कढत पाण्याने मळावे लागते. तव्यावरची भाकरी मऊ असते, पण दुपारपर्यंत डब्यात कडक होते. माझा धाकटा भाऊ ती तशीच परत आणतो. मात्र उन्हाळ्यात खाटेवर ज्वारीचे धापोडे घातले, की ते ओले असतानाच हाच मुलगा निम्मे फस्त करतो, आणि आजी काठी घेऊन उरलेले मोजत बसते.