वणवा विझवायला धावण्यापूर्वी

होळीच्या आसपास आमच्या दवाखान्यात एक ठराविक प्रकारचा रुग्ण येतो. यंदा साठीतले एक बागायतदार आले. सड्यावरचे गवत पेटून आग कलमांच्या बागेकडे सरकते आहे असे कळताच ते गड्यांना घेऊन धावले होते. दोन्ही पोटऱ्या आणि डावा हात भाजलेला. अंगातल्या टेरिकॉटच्या सदऱ्याचा तुकडा वितळून दंडाला चिकटलेला, आणि त्यावर घरच्यांनी प्रेमाने फासलेली टूथपेस्ट.

माझे लक्ष मात्र त्यांच्या आवाजाकडे गेले. "घसा जरा बसलाय, डॉक्टर, धुरानं," असे ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. टॉर्च मारून पाहिले तर नाकातले केस जळलेले, थुंकीत काजळी. मलमपट्टीत वेळ न घालवता प्राणवायू लावून मी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना केले. भाजणे एवढेसे आणि डॉक्टर एवढे का घाबरवतात, म्हणून घरची मंडळी थोडी रागावलीच. तिथे पोचेपर्यंत त्यांच्या श्वासाला घरघर लागली होती. श्वासमार्ग आतून भाजला की काही तासांत सुजून बंद होऊ शकतो. वेळेवर नळी घातली म्हणून ते वाचले.

बरे होऊन आल्यावर त्यांनी मला विचारले, "आग माझ्या खूप खाली होती. मी डोंगराच्या वरच्या अंगाला पळालो. तरी तिने मला गाठले कसे?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आपल्या डोंगरी भागात प्रत्येकाला माहीत हवे. सपाटीवर ज्योत सरळ वर जाते. चढावर मात्र ती पुढच्या गवताकडे झुकते आणि वरचे गवत पेटण्याआधीच तापवून ठेवते. साधारण दर दहा अंश चढाला आगीचा वेग दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियातील वनतज्ज्ञांचा जुना ठोकताळा आहे. म्हणजे वीस अंशांच्या उतारावर चौपट. आपला वेग चढावर नेमका उलट कमी होत जातो. त्यात दुपारी वारा डोंगर चढतो, कोकणात समुद्रावरून येणारा वाराही त्याला मिळतो. रात्री तोच वारा बहुधा खाली उतरतो. आणि दोन उतारांमधली घळ ही तर धुराड्यासारखी. तिच्यातून आग अक्षरशः ओढली जाते. घळीतून वर पळणे म्हणजे चुलीच्या धुराड्यात शिरणे.

आगीला जनावरासारखे अवयव कल्पून तिचे वर्णन करतात. वाऱ्याच्या दिशेने धावते ते डोके, दोन्ही बाजूंना कुशी, आणि जिथून ती सुरू झाली ते शेपूट. आपली माणसे हिरवा टहाळा घेऊन थेट डोक्यासमोर उभी राहतात, तिथेच घात होतो. जाणकार मंडळी शेपटाकडून, जळून काळ्या झालेल्या जमिनीवरून सुरुवात करतात आणि कुशीकुशीने झोडपत डोक्याकडे सरकतात. काळ्या जमिनीवर पुन्हा जळायला फारसे काही उरलेले नसते, हा त्यातला मर्म. ज्वाला माणसाच्या उंचीच्या झाल्या तर टहाळ्याचे काम संपले. मग दूर मागे सरून गवत खरवडून जमीन उघडी करायची. वनखाते हिवाळ्यातच अशा जाळरेषा काढून ठेवते ते यासाठीच. बागेभोवती असा पट्टा डिसेंबर-जानेवारीत काढायला दोन गडी पुरतात. भाजावळ करतानाही आधी तो काढावा, आणि भर दुपारी तर काडी लावूच नये.

पेटलेले शेण किंवा ओंडका उतारावरून गडगडत खाली येतो आणि आपल्या पाठीमागे दुसरी आग लावतो, हेही लक्षात असावे. म्हणूनच एक माणूस नुसता पाहायला ठेवावा. त्याने हातात काही घेऊ नये, फक्त आगीवर नजर ठेवून ओरडून सांगावे. आपल्याकडे या कामाला कोणी तयार होत नाही, कारण नुसते उभे राहणे कमीपणाचे वाटते!

११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहणाला गेलेली मंडळी गवताच्या वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जण दगावले. अमेरिकेत मोंटाना राज्यातील मान गल्च येथे ५ ऑगस्ट १९४९ रोजी तर वणवा विझवण्याचेच शिक्षण घेतलेले १३ जण उभ्या चढावर आगीने गाठले. त्यांचा नायक डॉज याने पळता पळता थांबून समोरचे गवत स्वतःच पेटवले आणि त्या जळक्या तुकड्यावर तो पालथा पडून राहिला. मोठी आग त्याच्या बाजूने निघून गेली, तो वाचला. इतरांना त्याचे हाकारणे वेडेपणाचे वाटले असावे. हा प्रयोग आपण करावा असे मी म्हणत नाही. शिकाऊ माणसाच्या हातून एका आगीच्या दोन आगी होतात. पण आधीच जळलेल्या जागेत, उघड्या कातळावर किंवा नांगरलेल्या शेतात शिरणे मात्र कोणालाही जमण्यासारखे आहे.

जायचेच असेल तर अंगात पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे, पायात बूट. नायलॉनची साडी, टेरिकॉट, स्लिपर नकोत. नाकातोंडावर बांधलेले ओले फडके काजळी थोडी अडवते, पण कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. कोविडनंतर घरोघरी आलेले ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवून फसवते, कारण त्याला या दोहोंतला फरक कळत नाही. डोके दुखणे, मळमळ, गुंगी असेल तर आकड्याकडे न बघता माणसाला मोकळ्या हवेत आणून १०८ ला फोन करावा. दमेकऱ्यांनी आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी गावात धूर भरला असता खिडक्या लावून घरात बसावे, आग बघायला जाऊ नये.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ नको, शाई, तूप, हळद, टूथपेस्ट काही नको. तीन तासांच्या आत केव्हाही पाणी ओतले तरी उपयोग होतो, म्हणून डोंगरावरून खाली यायला उशीर झाला तरी हे सोडू नये. सूज येण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या काढाव्यात. चिकटलेले कापड ओढू नये, भोवतालचे कापावे. फोड फोडू नयेत. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा सुमारे एक टक्का. असे दहा तळहात भरले, किंवा चेहरा, हात, पाय वा जननेंद्रिय भाजले, तर रुग्णालयच गाठावे. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्या बाबतीत दहाची वाट पाहू नये. धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी.

आग विझल्यावरही एक काम उरते. राखेखालची मुळे आणि खोडे रात्रभर धुमसत असतात. ताप पाहताना आपण कपाळाला हाताची पालथी बाजू लावतो, तशीच ती राखेजवळ सावकाश न्यावी, स्पर्श न करता. धग लागली की तिथे पाणी किंवा माती. आमच्या बागायतदारांची बाग त्या दिवशी संध्याकाळी विझवून सगळे घरी परतले होते. पहाटे ती पुन्हा पेटली, आणि वीस कलमे गेली ती तेव्हा.