स्थूल धावपटूंची जलवाहक साधने

स्थूल धावपटूंची जलवाहक साधने म्हणजे लांब पल्ल्याच्या धावण्यात पिण्याचे पाणी अंगावर बाळगण्यासाठी वापरले जाणारे, आणि रुंद कंबर, मोठी छाती किंवा पुढे आलेले पोट असलेल्या शरीरावर न काचता बसणारे पट्टे, बंड्या, पिशव्या व हातबाटल्या. ही साधने बहुधा सडपातळ धावपटूंची मापे समोर ठेवून बेतलेली असतात. त्यामुळे ज्यांना धावताना सर्वाधिक काळ पाण्याची गरज असते, त्यांनाच ती सर्वांत कमी सोयीची ठरतात. सोलापूरसारख्या उष्ण व कोरड्या हवेच्या शहरात ही अडचण केवळ गैरसोयीची न राहता आरोग्याची होते.

स्थूलतेची वैद्यकीय व्याख्या शरीरभार निर्देशांकावरून केली जाते. जागतिक आरोग्य संघटना ३० व त्याहून अधिक निर्देशांकाला स्थूलता मानते. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी ही मर्यादा २५ इतकी खाली धरली आहे. साधन निवडताना मात्र या आकड्याचा उपयोग होत नाही. सारख्याच वजनाच्या दोन व्यक्तींत एकीचा घेर पोटाभोवती, तर दुसरीचा नितंबांभोवती असू शकतो आणि एकीला नीट बसणारा पट्टा दुसरीच्या अंगावर चार पावलांत वर सरकतो.

पाण्याची गरज

धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते आणि तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला १० किलोमीटरसाठी सुमारे ६०० किलोकॅलरी लागत असतील, तर ९५ किलोच्या व्यक्तीला ९५०. ही उष्णता त्वचेवाटे जाते; परंतु त्वचेचे क्षेत्रफळ वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. १६५ सेंटिमीटर उंचीच्या या दोघांची तुलना केली, तर दुसऱ्याचे वजन दीडपटीहून अधिक असते, त्वचा मात्र सुमारे पाचव्या हिश्श्यानेच जास्त असते. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर तो जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तेव्हा शरीराची सारी भिस्त घामावर आणि घाम भरून काढणाऱ्या पाण्यावर राहते.

याहून मोठा फरक वेळेचा आहे. किलोमीटरला साडेपाच मिनिटे घेणारा धावपटू अर्धमॅरेथॉनचे २१.१ किलोमीटर दोन तासांच्या आत संपवतो. नऊ मिनिटे घेणाऱ्याला तीन तास दहा मिनिटे लागतात. सोलापुरात मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणे नेहमीचे आहे आणि सकाळी आठनंतर ऊन झपाट्याने चढते. पहाटे साडेपाचला निघालेला वेगवान धावपटू साडेसातपर्यंत घरी परततो, तर संथ धावपटूचा शेवटचा, सर्वाधिक थकव्याचा तास नेमका उन्हात येतो.

कोरड्या हवेची आणखी एक फसवणूक आहे. मुंबईच्या दमट हवेत घाम निथळतो, कपडे भिजतात, म्हणून शरीरातून किती पाणी गेले हे लक्षात येते. सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम येता येताच वाळतो आणि अंगावर केवळ मिठाचे पांढरे डाग राहतात. धावणाऱ्याला आपल्याला घाम फारसा आला नाही असे वाटते.

पूर्वपरंपरा

पाणी सोबत बाळगून लांब चालण्याची रीत या भूभागाला नवी नाही. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरला येणाऱ्या आषाढी वारीत शेकडो किलोमीटरची वाट पायी तुडवली जाते आणि दिंडीत पाण्याची घागर डोईवर घेऊन चालणाऱ्या स्त्रियाही असतात. प्रवासासाठी घरोघरी फिरकीचा तांब्या असे. झाकण पिळून बसवलेले असल्याने त्यातले पाणी हिंदकळले तरी सांडत नसे. कापडी छागलीतून पाणी किंचित झिरपून वाळते आणि आतले पाणी गार राहते. घामाने शरीर गार होते तेही याच तत्त्वाने. मात्र ही सर्व भांडी चालणाऱ्यासाठी होती. धावताना प्रत्येक पावलागणिक बसणारा हिसका त्यांना सोसणारा नव्हता.

पाठीवर पिशवी आणि तोंडाशी नळी ही आजची रचना धावपटूंकडून नव्हे, सायकलस्वाराकडून आली. १९८८ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात भर उन्हाळ्यात होणाऱ्या शंभर मैलांच्या सायकलफेरीत मायकेल आयडसन याने सलाइनची पिशवी पायमोज्यात घालून पाठीवर बांधली व तिची नळी खांद्यावरून पुढे घेतली. यातूनच पुढे ‘कॅमलबॅक’ ही नाममुद्रा उभी राहिली. सायकलस्वाराची पाठ वाकलेली व बरीचशी स्थिर असते. धावणाऱ्याची तशी नसते. व्हेस्ट या साधनाचा पुढचा बराचसा विकास ही उसळी रोखण्यासाठीच झाला.

साधने आणि त्यांतील अडचणी

कमरेचा पट्टा हे सर्वांत स्वस्त व सहज मिळणारे साधन. स्थूल शरीरावर सर्वाधिक निराशाही तेच करते. धावताना घट्ट पट्टा आपोआप अरुंद जागेकडे सरकतो. पोट मोठे असेल तर पट्टा एक तर पोटाखाली घसरतो, नाही तर वर चढून कमरेच्या वळीत रुततो. तो आणखी आवळला की श्वास अडतो आणि कातडी सोलवटते. अरुंद पट्ट्यापेक्षा चार बोटांहून रुंद, ताणणाऱ्या विणीचा, नळीसारखा सलग पट्टा नितंबांच्या हाडांवर बसवला तर तो अधिक स्थिर राहतो. एका मोठ्या बाटलीऐवजी दोन-तीन लहान बाटल्या बाजूंना विभागल्यास उसळीही कमी होते.

व्हेस्ट खांद्यांवर व छातीच्या पिंजऱ्यावर भार पेलते. पोटाचा घेर तिला आड येत नसल्याने अनेक स्थूल धावपटूंना ती पट्ट्यापेक्षा बरी पडते. परंतु तिचे माप छातीच्या घेरावर ठरते आणि मोठी मापे दुकानांत क्वचितच असतात. छातीवरचा पट्टा न पोहोचणे ही नेहमीची तक्रार. स्त्रियांच्या बाबतीत पुढच्या कप्प्यांतल्या बाटल्या स्तनांवर दाबल्या जातात. बाटल्या बरगड्यांच्या बाजूला, खालच्या अंगाला असणारी रचना त्यांना सोयीची. बाजूंना दोऱ्या किंवा सरकत्या कड्या असलेली व्हेस्ट घेरातील फरक सामावून घेते, केवळ छातीवर जुळणारी घेत नाही. व्हेस्टचा एक तोटा मात्र कोणत्याही मापाने टळत नाही: ती पाठ झाकते आणि झाकलेल्या जागी घाम वाळत नाही. म्हणून उष्ण प्रदेशात जाळीदार व कमीत कमी कापडाची व्हेस्ट पसंत केली जाते.

पाणी संपत जाते तशी मऊ बाटली आकसते, त्यामुळे ती डुचमळत नाही. पाठीवरची पिशवी भरल्यावर उलटी धरून नळीतून आतली हवा ओढून घेतली, तर तिचाही आवाज व हिंदकळणे थांबते. हातबाटलीला शरीराच्या घेराशी काही देणेघेणे नाही. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो वजन एका हाताला एवढाच तिचा दोष, आणि तो हात बदलत राहिल्याने सौम्य होतो.

माप घेणे

शर्टाचे माप येथे उपयोगी पडत नाही. छाती, छातीखालचा पिंजरा, बेंबीजवळची कंबर आणि नितंबांचे हाड असे चार घेर धावण्याच्या कपड्यांवरून, पूर्ण श्वास घेऊन मोजावे लागतात. साधनाची परीक्षा रिकामे असताना होत नाही. पाणी भरून, काही मिनिटे जागच्या जागी धावूनच ती होते. काखेत, मानेशी किंवा स्तनांखाली शिवण लागत असेल, तर तासाभराने तिथे जखम होणार हे निश्चित. व्हॅसलीनने घर्षण कमी होते, चुकीचे माप सुधारत नाही. पट्टा थोडक्यासाठी अपुरा पडत असेल, तर त्याच रुंदीच्या नायलॉन पट्टीचा जोड व नवे बक्कल शिवून घेणे हा सोपा उपाय आहे. गणवेशांच्या शिलाईसाठी नावाजलेल्या सोलापुरात असे काम करणारा कारागीर सापडणे अवघड नाही.

किती पाणी न्यावे

एक तास धावण्याच्या आधी व नंतर कोरड्या अंगाने वजन केले, की घटलेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम, असा अंदाज मिळतो. वाटेत प्यालेले पाणी त्यात मिळवावे लागते. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या नियमांनुसार १० किलोमीटरहून मोठ्या रस्ता-शर्यतींत साधारण दर ५ किलोमीटरला पाण्याची सोय असते. हे अंतर वेगवान धावपटू अर्ध्या तासाच्या आत कापतो, संथ धावपटूला पाऊण तास लागतो. काही ठिकाणी तो पोहोचेपर्यंत पेले संपलेले असतात. सुरुवातीपासून स्वतःचे पाणी अंगावर बाळगण्यास हे नियम मुभा देतात.

अति पाणी पिणेही घातक आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम घटलेले आढळले. शर्यतीत वजन वाढणे आणि चार तासांहून अधिक वेळ लागणे यांच्याशी त्याचा संबंध दिसला. संथ धावपटूंना पिण्यासाठी वेळही जास्त मिळतो, म्हणून मोठी पिशवी सोबत आहे एवढ्यावरून ती रिकामी करणे योग्य नव्हे. सरावासाठी तलावाकाठी किंवा मैदानाभोवती फेऱ्या मारल्या, तर बाटली एका जागी ठेवता येते आणि अंगावर काहीच वागवावे लागत नाही.

देखभाल

पिशवी व नळीत ओल राहिल्यास बुरशी धरते, विशेषतः साखरयुक्त पेय भरले असल्यास. वापरानंतर कोमट पाणी व खाण्याच्या सोड्याने ती धुतात, नळीतून बारीक ब्रश फिरवतात आणि तोंड उघडे ठेवून, आतल्या बाजू एकमेकींना चिकटणार नाहीत अशा बेताने सावलीत टांगतात. पट्ट्यांवर साचलेले घामाचे मीठ वाळल्यावर खरखरीत होऊन कातडीला घासते. म्हणून पट्टाही प्रत्येक धावेनंतर साध्या पाण्यात खळबळून घ्यावा लागतो.