न्हाव्याचा तेलतळ

बंदर म्हणतांच परदेशचा माल उतरणारा धक्का आपल्या डोळ्यांसमोर येतो. मुंबईसमोरील न्हावा येथील तळाचें काम निराळें आहे. मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरवर, भर समुद्रांत, १९७४ सालीं 'सागर सम्राट' या वेधनमंचानें तेल शोधलें. तेथील तेल व वायु नळांतून उरणास येतात. परंतु समुद्रांत राबणाऱ्यांचा शिधा, गोडें पाणी, सिमेंट, लोखंडी नळ हें सारें न्हाव्याहून जहाजांनीं जातें. तेलमंचाला जहाज भिडविणें जोखमीचें असतें. २७ जुलै २००५ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, जखमी माणसास मंचावर पोंचवितांना एक साहाय्यक जहाज मंचाला धडकलें. नळ फुटून आग भडकली व २२ जण प्राणांस मुकले. घरची शेगडी पेटवितांना त्यांचें स्मरण असावें.