काशीमीरा : दोन गावं, एक नाका

काशी आणि मीरा ही साष्टी बेटाच्या उत्तर भागातली दोन जुनी गावं. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला भाईंदरच्या बाजूची खारफुटी आणि मिठागरं. डोंगरउताराचं पावसाचं पाणी ओढ्यांनी खाडीकडे जातं. या उतारांवर माशाचा पाडा, डाचकूल पाडा असे आदिवासी पाडे आहेत. काशीमीऱ्याची ओळख महामार्गाच्या नाक्यापाशीच संपवणाऱ्यांनी ते एकदा तरी बघायला हवेत.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४च्या तहात वसईबरोबर साष्टीही पोर्तुगीजांना दिली. जवळच खाडीकाठच्या टेकडीवर त्यांनी घोडबंदरचा किल्ला बांधला. खाडीतून ये-जा करणारी गलबतं तिथून नजरेच्या टप्प्यात राहत. १७३७च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी घेतली. १७७४मध्ये ती इंग्रजांकडे गेली. तटावर उभं राहिलं की खाडी, डोंगर आणि रस्ता एकत्र दिसतात आणि या जागेसाठी एवढ्या लढाया का झाल्या, ते नकाशाशिवाय कळतं.

मुंबईहून गुजरातकडे जाणारा महामार्ग इथूनच जातो. भाईंदरकडे वळणारा रस्ता काशीमीरा नाक्यावर फुटतो, तर ठाण्याचा फाटा पुढे वरसाव्याला. भातशेतीच्या जागी इमारती आल्या त्या या रस्त्यांमुळे आणि पश्चिमेच्या मीरा रोड स्थानकामुळे. १९८५मध्ये ग्रामपंचायती एकत्र होऊन मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२मध्ये महानगरपालिका. मेट्रो ९च्या स्थानकांना मात्र मिरागाव आणि काशीगाव हीच नावं दिली आहेत, हे फार बरं झालं.