मांजरीच्या पिलांचा आहार

मांजरीचे पिल्लू घरी आले की त्याच्यापुढे दुधाची वाटी ठेवावयाची आणि दुपारी दूधभात कालवून घालावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीत होय. त्यामागे माया असते यात संशय नाही. परंतु या आहाराने पिल्लाचे पोट भरते, पोषण होत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनांचे प्रमाण गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट असते. शिवाय दूध तुटल्यावर दुधातील साखर पचविण्याची पिल्लाची शक्ती ओसरू लागते. मग जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे प्राणाशीच गाठ.

पूर्वीची मांजरे दूधभातावरच जगली, असे कोणी म्हणेल. पण ती उंदीरही खात होती! अख्ख्या उंदरात मांस, हाडे, काळीज सारे काही येते. शहरातील बंद घरात राहणाऱ्या पिल्लाला ही पुरवणी कोठून मिळणार?

मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस व मासळीतूनच मिळावे लागते. त्याच्या अभावी डोळ्यांचा पडदा झिजून मांजर आंधळे होते, हे १९७५ साली दाखविले गेले. हृदय दुबळे होऊन फुगते, हे १९८७ साली सिद्ध झाले. कुत्र्याच्या खाद्यावर मांजर वाढवू नये, ते याच कारणाने. कुत्र्याला टॉरीनची अशी गरज नसते.

सुदैवाने हे द्रव्य महागड्या मांसातच असते असे नाही. कोंबडीचे हृदय, पायाचे गडद मांस, तारली, बांगडा यांत ते भरपूर असते, आणि हृदयासारखे भाग खाटकाकडे स्वस्तात मिळतात. ते थोड्या पाण्यात, मीठमसाला व कांदालसूण न घालता शिजवावे. टॉरीन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी फेकू नये. त्यातच मांस कुसकरावे. शिजलेली हाडे व काटे मात्र कटाक्षाने काढावेत. कलेजी आठवड्यातून एखादे वेळी, तीही थोडी. रोज दिल्यास अ जीवनसत्त्व अती होऊन हाडे बिघडतात. नुसत्या मांसात चुना फार कमी असतो. त्यासाठी अंड्याचे कवच उकळून, वाळवून वस्त्रगाळ करावे व अर्धा किलो मांसास अर्धा चहाचा चमचा पूड मिसळावी.

तरीही वाढीच्या वयात घरगुती अन्नातून सर्व घटक नेमके साधणे कठीणच. म्हणून पिलांसाठी तयार केलेले, संपूर्ण आहार असे वेष्टनावर लिहिलेले साधे कोरडे खाद्य मुख्य ठेवावे आणि वरील मांस जोडीला द्यावे. खर्चही आटोक्यात राहतो. चौथ्या आठवड्यापासून ते कोमट पाण्यात भिजवून द्यावे. सुरुवातीला दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. जवळ पाण्याची वाटी असावी.

जन्मतः सुमारे १०० ग्रॅम असलेले पिल्लू आठवड्याला साधारण तितकेच वाढते. स्वयंपाकघरातील तराजूवर हे सहज कळते. वजन थांबले, पोट नगाऱ्यासारखे फुगले किंवा जुलाब लागले, तर खाद्य बदलत बसू नये. बहुधा जंत असतात, आणि त्याचे औषध पशुवैद्याकडूनच घ्यावे.